आकड्याची मुदत

छंद म्हणून घरात सीएनसी मशीन बसवणाऱ्याला सुरुवातीला तिच्या हुशारीचं भारी कौतुक असतं. फाइल दिली, बटण दाबलं की लाकडात नक्षी उतरते. या कौतुकाला ओहोटी लागते ती पहिल्यांदा टूल बदलायची वेळ येते तेव्हा. सहा मिलिमीटरच्या एंडमिलने खोलगट भाग काढून झालाय, आता अक्षरं व्ही-बिटने कोरायची आहेत. दोन पाने लावून नट सैल केला, जुनं टूल काढलं, नवं घातलं, नट आवळला. मशीनला यातलं काही म्हणजे काही कळलेलं नाही. टूलचं टोक आधीपेक्षा चार मिलिमीटर खाली आलं की वर गेलं, हे तिला आपण सांगायचं.

सांगायची सगळ्यात जुनी रीत कागदाची. स्पिंडल बंद ठेवून टूलखाली झेरॉक्सच्या कागदाचा कपटा धरायचा, एका हाताने तो मागेपुढे सरकवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने झेड, म्हणजे उभा अक्ष, खाली आणायचा. आधी एक दशांश मिलिमीटरच्या टप्प्याने, मग शतांशाच्या. कागद अडखळला की थांबायचं. कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणून झेड ०.१ वर आहे असं मशीनला सांगून टाकायचं. झाला झीरो. पुढची पायरी म्हणजे टच प्लेट: अ‍ॅल्युमिनियमची जाडी माहीत असलेली चकती आणि टूलला लावायची एक क्लिप. टूल चकतीला टेकलं की सर्किट पुरं होतं आणि मशीन जागीच थांबते. क्लिप लावायची राहिली तर मात्र सर्किट पुरं होणार नाही आणि टूल चकतीत घुसत राहील. म्हणून जाणती मंडळी आधी चकती हाताने उचलून टूलला टेकवतात, पडद्यावर खूण उमटते का बघतात, मगच बटणाला हात लावतात.

एवढी काटेकोर मोजणी कशाला, हे कामावर ठरतं. आरपार भोक पाडायचं असेल तर ०.२ मिलिमीटरची चूक खालच्या टाकाऊ फळीत जिरून जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. तेच ६० अंशांच्या व्ही-बिटने अक्षर कोरताना टोक ०.१ मिलिमीटर जास्त खोल गेलं तर रेघ जवळजवळ ०.१२ मिलिमीटरने रुंदावते. पाटीवर हे खपून जाईल. सर्किट बोर्डावर, जिथे तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉनचा आणि दोन रेघांमधली जागा केसभर, तिथे अख्खा बोर्ड वाया जातो.

पण खरा घोटाळा अचूकतेचा नाहीच. आपण झीरो घेतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबतो: जॉब कुठे आहे आणि टूल किती लांब आहे. पहिली गोष्ट जॉब पट्ट्यांनी आवळला की ठरली, तो हलवेपर्यंत बदलायची नाही. दुसरी दर टूलगणिक बदलते. हौशी माणूस टूल बदलल्यावर जॉबच्या माथ्यावर पुन्हा टेकवतो आणि दोन्ही हिशेब एका दमात उरकतो. सोपं आहे, बहुतेक वेळा चालतंही. मग एखाद्या दिवशी पहिलं टूल फळीचा माथाच एक मिलिमीटर तासून काढतं. दुसरं टूल नव्या माथ्यावर टेकवलं, की पुढचं सगळं काम एक मिलिमीटर खोल. ज्या पृष्ठभागाच्या भरवशावर मोजलं तोच आता भुशाच्या पिशवीत आहे. फळी तासायची नसली तरी एमडीएफ कुठे सपाट असतं? एक टूल या कोपऱ्यावर टेकवलं, दुसरं त्या कोपऱ्यावर, तर फरक टूलचा की फळीचा हे सांगता येत नाही.

यावर उपाय असा की मोजायची जागा जॉबवर ठेवायचीच नाही. मशीनच्या बेडच्या कोपऱ्यात, टूल टेकलं की कळवणारं एक बटण कायमचं बसवायचं. पहिल्या टूलने जॉबवर झीरो घ्यायचा, मग तेच टूल बटणावर टेकवून उंची नोंदवायची. यानंतर येणारं प्रत्येक टूल फक्त बटणावर टेकवायचं आणि दोन उंचींमधला फरक मशीनला द्यायचा. यात मला एक गोष्ट फार आवडते. पहिल्या टूलची लांबी शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नसते आणि ती कळायची गरजही पडत नाही. बटण बेडपासून नेमकं किती उंच आहे, हेही नाही. आपल्या हातात फक्त फरक असतो, आणि काम भागवायला तो पुरतो. बेडवर तीन जॉब लावून जी५४, जी५५, जी५६ असे तीन झीरो घेतले असतील, तरी टूल बदलल्यावर एकच आकडा बदलतो. जॉबला हात लावावा लागत नाही.

हे कळलं की पुढचा मोह होतो तो कारखान्यासारख्या टूल टेबलचा. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर) टूल नंबर पाचचा ऑफसेट एकदा भरला की आठवडाभर तोच चालतो, मग घरी का नाही? कारण तिथे टूल होल्डरमध्ये आवळलेलं असतं आणि अख्खा होल्डर निघतो. त्याचा निमुळता टेपर प्रत्येक वेळी स्पिंडलमधल्या त्याच जागी जाऊन बसतो. टूल होल्डरमधून सुटतच नाही. घरच्या मशीनवर आपण टूलची पकड, म्हणजे कोलेट, सैल करतो, म्हणजे लांबी जिथे ठरते तीच जागा मोडतो. शिवाय ईआर कोलेट आवळताना नट त्याला आत ढकलतो आणि टूलही थोडं सरकतं, म्हणून मोजायचं ते नट पूर्ण आवळल्यावरच. अशा मशीनवर लांबीचा आकडा नट पुन्हा सैल होईपर्यंतच खरा. कारखान्याच्याही आकड्याला मुदत असतेच. कंट्रोलरच्या ऑफसेट पानावर लांबीशेजारी झिजेचा वेगळा रकाना दिलेला असतो, तो उगाच नाही.

फॅब लॅब नावाच्या सामायिक कार्यशाळांमध्ये (एमआयटीबाहेरची पहिली २००२ साली आपल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली) टूलच्या लांबीच्या या प्रश्नाचं एक उलटं उत्तर पाहायला मिळतं. सर्किट बोर्ड कोरायला तिथे रोलँडची मोडेला ही टेबलावर मावणारी मशीन फार वापरली गेली. टूल बोर्डाच्या जवळ आणायचं, अ‍ॅलन कीने बाजूचा स्क्रू सैल करायचा आणि टूल बोटाने अलगद सोडायचं. ते आपल्या वजनाने तांब्यावर टेकतं. स्क्रू आवळला की झीरो तयार. मशीनला नवा आकडा द्यायचाच नाही. मशीनच्या आकड्याला जुळेल एवढं टूल बाहेर काढायचं. त्या इवल्याशा कटरचं टोक काडीसारखं मोडतं, त्यामुळे बोट जरा सैल पडलं की पैसे गेले. पण ऑफसेट ही काय चीज आहे हे समजायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

स्वस्त मशीनवर बहुधा जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर असतं, अर्डुइनो उनोच्या चिमुकल्या चिपमध्ये मावणारं. त्याला एम६, म्हणजे ‘टूल बदल’ ही आज्ञा दिली तर ते सरळ एरर देतं. अनेकांना हा उणेपणा वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो; ज्याला टूल बदलता येत नाही त्याने बदलल्याचा आव कशाला आणावा? त्याची स्मरणशक्तीही अशीच बेतलेली आहे. जी५४ मधली जॉबची जागा वीज गेली तरी टिकते. जी४३.१ ने दिलेला टूलच्या लांबीचा फरक मात्र मशीन बंद केली की पुसला जातो. होमिंग स्विच असेल तर सकाळी होम केल्यावर जॉब जागच्या जागी सापडतो, टूल तेवढं बटणावर टेकवायचं. ज्याने टूलची लांबी जी५४ मध्येच मिसळली आणि सकाळी टूल बदललं, त्याची मशीन कालच्या टूलच्या लांबीनेच खाली उतरायला लागते.