शेवाळाचा गुन्हा काय?

दिवाणखान्यात फिशटँक ठेवण्याची हौस आता मध्यमवर्गीय घरांत नवी राहिलेली नाही. सोनेरी मासे, वर उठणारे बुडबुडे, तळाशी रंगीत खडे. येणारा पाहुणा घटकाभर तिथे थबकतोच. पण महिना-दीड महिना उलटला की काच हिरवी पडू लागते, पानांवर केसांसारखे तंतू लोंबतात आणि हौशी माणूस दुकानदाराला विचारतो, "शेवाळ मारायचं औषध आहे का?" प्रश्न साधा आहे, पण त्यात निवाडा आधीच होऊन गेला आहे. गुन्हेगार ठरले आहे ते शेवाळ. हा निवाडा एकदा तपासून पाहायला हवा.

शेवाळाला वाढायला प्रकाश लागतो आणि पाण्यात विरघळलेले नायट्रेट व फॉस्फेट लागते. या तिन्ही गोष्टी आपणच पुरवतो. शोभेसाठी दिवा रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. मासे तोंड वर करून धावत येतात ते मुलांना आवडते, म्हणून दिवसातून चार वेळा दाणे पडतात. उरलेले दाणे आणि माशांची विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. त्यामुळे मासा वाचतो, पण नायट्रेट साठत जाते. वाहत्या नदीत ते पुढे निघून गेले असते. काचेच्या पेटीतून बाहेर पडायला त्याला वाट नसते.

हाच न्याय मोठ्या तलावालाही लागू आहे. कपड्यांच्या पावडरीतील फॉस्फेटवरून कॅनडा-अमेरिकेत वाद पेटला होता, तेव्हा १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील २२६ क्रमांकाच्या तळ्याचे पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन व नायट्रोजन घातले; दुसऱ्यात त्याच दोहोंबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरस पडलेला भाग हिरवागार झाला. शेवाळ तेच, तळे तेच. फरक होता तो माणसाने काय ओतले याचा.

मग औषधाचे काय? तांबेयुक्त औषध शेवाळ मारते, पण गोगलगायी आणि झिंगेही मारते. एकदम मेलेले शेवाळ कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. शिवाय दिवा व दाणे पूर्ववत असतील तर शेवाळ परत येतेच. कारण जागेवर ठेवून परिणामाला शिक्षा देण्याची ही रीत आपल्याला घरात आणि समाजातही चांगलीच परिचयाची आहे.

दुसरी पळवाट म्हणजे हे काम दुसऱ्या जिवाच्या गळ्यात घालणे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग मांडला. दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती त्यांनी एकत्र ठेवली होती. पाने कुजून पाणी बिघडू लागले, हिरवा थर चढला, तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी घाण खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली. तिथे प्रत्येकाला जागा होती, अन्न होते.

आज दुकानात 'सकर' मासा मिळतो तो सफाई कामगार म्हणून. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. घेताना दोन इंचांचा असतो, वाढला की फुटापलीकडे जातो. शेवाळापेक्षा इतर खाद्यावर भर देतो आणि टाकीत मावेनासा होतो. मग कोणी दयाळू गृहस्थ त्याला तलावात किंवा नदीत सोडून येतो. जीव वाचवला, सवाब मिळाला, असे त्याला वाटते. पण उजनीच्या जलाशयात हाच मासा कोळ्यांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याचे काटे जाळी फाडतात आणि बाजारात त्याला भाव नाही. दिवाणखान्यातील हौसेची किंमत ज्याने कधी फिशटँक पाहिलाही नाही, तो मच्छीमार चुकवतो. याला दया म्हणायचे का?

कोणी म्हणेल, एवढ्याशा शेवाळाचा एवढा विचार कशाला? ते काही वेदना भोगत नाही. खरे आहे. काच खरवडण्यात पाप नाही. प्रश्न शेवाळाच्या हक्काचा नसून आपल्या प्रामाणिकपणाचा आहे. ज्याला आपण उपद्रव म्हणतो त्यात आपला वाटा किती, हे कबूल करायचे की नाही?

मुंबईच्या जुम्मा मशिदीच्या हौदात मासे व कासवे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली जातात. त्या हौदाला झऱ्याचे पाणी आहे. बंद पेटीत झऱ्याचे काम आपल्या हातांना करावे लागते. दिवा सहा ते आठ तासच लावावा, टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. दोन-तीन मिनिटांत संपतील इतकेच दाणे टाकावेत. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे; नवे पाणी क्लोरीन काढून घालावे, जुने कुंड्यांना द्यावे, झाडांना ते खतच आहे. मासे कमी आणि भराभर वाढणाऱ्या वनस्पती जास्त ठेवाव्यात. फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि थोडे शेवाळ उरतेच. ते राहू द्यावे. माशांची पिल्ले त्यावर चरतात.

नदीतला मासा आपला आपण जगतो. काचेआड आणलेल्या माशाचा दिवस-रात्र, अन्न, पाणी सारे आपण ठरवतो. इतका अधिकार ज्याने घेतला, त्याच्याकडे तो जीव अमानत आहे. ती सांभाळण्याची तयारी नसेल, तर टाकी न घेणे हाही एक चांगला निर्णय आहे.