पडदा आणि कागद

बोईसरच्या कारखान्यांत हयात घालविलेले माझे थोरले बंधू निवर्तले, तेव्हां तारापूरच्या किनाऱ्यावर मीं घेतलेलें त्यांचें छायाचित्र पालघरच्या एका दुकानांत छापावयास दिलें. संगणकाच्या पडद्यावर प्रसन्न दिसणारा चेहरा कागदावर काळवंडून आला. "हे बाबा नव्हेत," असें पुतणी म्हणाली. मीं दुकानदारास चार शब्द सुनावले.

पुढें शांतपणें शोध घेतां दोष माझाच निघाला. पडदा स्वयंप्रकाशी, तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळून तो रंग घडवितो. कागद परप्रकाशी, शाईनें शोषून उरलेला प्रकाशच तो परत करतो. म्हणून पडद्यावरील कित्येक झळझळीत रंग शाईच्या आवाक्याबाहेरचे असतात. जाणते मुद्रक पडद्याची उजळी उतरवितात, त्याचे रंग यंत्रानें मोजतात आणि प्रत ५००० केल्व्हिनच्या प्रमाणित प्रकाशांत तपासतात. मीं मात्र पडदा पूर्ण उजळ ठेवला होता, आणि डोळे दिपतात म्हणून चित्रच गडद केलें होतें.

तर मग खरें चित्र कोणतें? सादृश्य हा केवळ वस्तूचा गुण नव्हे. ज्या उजेडांत आपण ती पाहतों, त्याचाही तो गुण आहे. स्मृति हाही एक अतिउजळ पडदाच होय. त्यावरील मूर्तीशीं ताडून आपण हयात माणसांस फिकें ठरवितों. दिवंगत वडिलांशीं तुलना करून दादांस मीं जन्मभर उणेंच लेखलें.

दुकानदाराची क्षमा मागून मीं दुसरी प्रत घेतली. ती खिडकीशीं लावली आहे. दादांची क्षमा मागण्याची वेळ मात्र टळून गेली.