तोंडी वजन

"वजन किती?" रजिस्टरवरची मान वर न करता सिस्टरनं विचारलं.

"पंचेचाळीस," सून म्हणाली. मागं उभ्या सासूनं लगेच जोड दिली, "पंचेचाळीस तर हायेच की. खातीपिती हाय चांगली."

सेनगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रातली ही सकाळ. शेजारच्या काकूंना आणि त्यांच्या सुनेला सोबत म्हणून मी गेले होते. सोयाबीनची रास नुकतीच झालेली, घरोघरी कट्टे रचलेले. सुनेला दहावा आठवडा. सिस्टरनं लिहायला पेन टेकवलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, उचललं. "चप्पल काढ. काट्यावर उभी राहा." काट्यानं एक्केचाळीस दाखवलं. काकू वाकून बघू लागल्या. "काटा बिघडलाय का वो सिस्टर?" सिस्टरनं सुनेला खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा उभं केलं. एक्केचाळीसच.

पोरगी खाली मान घालून चप्पल चाचपडत होती. खोटं बोलताना पकडलं गेल्यासारखा चेहरा झाला होता तिचा. पण ती खोटं बोलली नव्हती. बाकड्यावर बसल्यावर मी हळूच विचारलं, पंचेचाळीस कधीचं गं? बारावीत असताना कॉलेजात तपासणी झाली होती, त्या दिवशीचं. त्यानंतर लग्न झालं, दोन खरीप गेले, हळद काढायला जाऊन झालं, आणि आता तीन आठवडे पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. या सगळ्या काळात तिला कुणी काट्यावर उभं केलं नाही. मग तिच्याजवळ जो एकच आकडा होता तो तिनं दिला. आकडा खराच होता, फक्त जुना झाला होता.

चार किलोनं काय बिघडतं? तिची उंची दीडशे सेंटिमीटर. पंचेचाळीस धरले तर वजन आणि उंचीचा हिशोब, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, २० येतो. १८.५ च्या वर म्हणजे ठीक, पुढची बाई. एक्केचाळीस धरले तर तोच हिशोब १८.२ वर येतो, आणि ती कमी वजनाच्या मातांत मोजली जाते. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ साली ठरवून दिलेल्या मापानुसार ठीक वजनाच्या बाईनं गरोदरपणात साडेअकरा ते सोळा किलो वाढावं, कमी वजनाच्या बाईनं साडेबारा ते अठरा. आपल्याकडे नर्सताईंना सरकारनं २०१० साली दिलेल्या सूचना साध्या आहेत: एकूण नऊ ते अकरा किलो, पहिले तीन महिने सोडले की महिन्याला साधारण दोन किलो. म्हणजे एका तोंडी आकड्यातली चूक आणि दोन महिन्यांची सगळी वाढ सारखीच. समजा, ही पोर पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आली असती, काट्यावर पंचेचाळीस भरली असती, आणि आधीचं वजन विचारल्यावर 'पंचेचाळीस' म्हणाली असती, तर चार किलो वाढलेली बाई कागदावर एक किलोही न वाढलेली दिसली असती.

प्रत्येक ठिकाणी मात्र ही चूक एवढी बोचत नाही, हेही सांगायला हवं. शिरेतून द्यायच्या लोहाचा डोस वजनावरून काढतात. हिमोग्लोबिन ७ वरून ११ वर न्यायचं असेल, तर एक्केचाळीस किलोला सुमारे ८९४ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पंचेचाळीसला ९३२. अडतीस मिलिग्रॅमच्या फरकानं कुणाचं काही अडत नाही. चूक बोचते ती दोन आकड्यांची वजाबाकी करताना. वजाबाकीत मोठे आकडे निघून जातात आणि चूक तेवढी शिल्लक राहते.

आणि गरोदर बाईच्या वजनाचा सगळा अर्थ वजाबाकीतच असतो. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर जिंतूर तालुक्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात ती इकडं आली. ओटीची साडी आली, सासूनं दिलेले डिंकाचे लाडू आले, तपासणीचं कार्ड तेवढं सासरच्या कपाटात राहिलं. इथल्या डॉक्टरांनी मागच्या महिन्याचं वजन विचारलं. "बावन्न असेल," ती म्हणाली. काट्यावर चोपन्न भरलं. महिन्याला दोन किलो, अगदी हवं तेवढं. बीपी काठावर होतं, आठवड्यानं या म्हणाले. रात्री तिच्या दिरानं कार्डाचा फोटो पाठवला. मागच्या रकान्यात स्पष्ट अक्षरात पन्नास. दोन नाही, चार किलो. आईनं काही न बोलता तिची साडी घोट्यापर्यंत वर केली. पैंजणाची कडी कातड्यात रुतली होती. सकाळी सातला आम्ही परत दवाखान्यात. बीपी १५० वर ९६, लघवीत प्रथिनं. नुसत्या वजनावरून गरोदरपणात बीपी वाढण्याचा हा आजार ठरत नाही. तो ठरतो बीपी आणि लघवीच्या तपासणीवरून. पण महिन्यात तीन किलोच्या वर गेलेलं वजन म्हणतं, उद्यावर ढकलू नका, आजच बघा. आमच्याकडं ते म्हणायला वजनच नव्हतं, नुसता अंदाज होता. वेळेत औषध मिळालं. भाची आता दुसरीत आहे.

तेव्हापासून 'असेल' हा शब्द मला टोचतो. बावन्न असेल, पंचेचाळीस असेल. बोलताना तो तोंडात विरघळून जातो आणि कागदावर नुसता आकडा उरतो. एकदा निळ्या शाईत उतरला की मोजलेलं वजन कुठलं आणि सांगितलेलं कुठलं, हे पुढच्या महिन्यात त्या सिस्टरलाही सांगता येत नाही.

मोंढ्यावर असं चालत नाही. कट्टा साठ किलोचा आहे, असं शेतकऱ्यानं सांगितलं म्हणून कुठला आडत्या पट्टी करून देतो? काट्यावर चढवतात, हमाल आकडा ओरडून सांगतो, शेतकरी वाकून स्वतः बघतो, कडता किती धरला यावरून आवाज चढतो. धान्याच्या बाबतीत आपण इतके जागरूक लोक. घरच्या लेकीसुनेच्या बाबतीत ही जागरूकता का ढिली पडते, याचं उत्तर मला फार दिवस सुचलं नव्हतं. त्या बाकड्यावर बसून थोडं सुचलं.

कट्ट्याला लाज नसते. बाईला असते, आणि ती तिच्या एकटीची नसते. सासूसमोर "एक्केचाळीस" म्हणणं म्हणजे या घरात पोटभर मिळत नाही असं चारचौघांत सांगणं. साठ-पासष्ट म्हणणं म्हणजे दृष्ट लावून घेणं. म्हणून ती मधला, कुणालाही न दुखावणारा आकडा देते, आणि बहुधा तो पाचाच्या पाढ्यातला असतो: चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. माणसं स्वतःचं वजन सांगतात तेव्हा ते असं शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबतं, आणि किरकोळ माणूस थोडं वाढवून तर स्थूल माणूस थोडं कमी करून सांगतो, हे जगभर दिसलेलं आहे. २०१७ साली अशा अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. गरोदरपणाआधीचं वजन बायका सरासरीनं थोडं कमी सांगतात, पण चूक फार मोठी नसते, असा त्याचा सूर. सरासरीसाठी ते खरं असेल. पण त्यातले बहुतेक अभ्यास जिथले आहेत, तिथं घरात काटा असतो आणि बाई अधूनमधून त्यावर उभी राहते. आमच्याकडं काटा असतो तो मोंढ्यावर, किराण्याच्या दुकानात आणि दवाखान्यात.

खरं वजन हवं असेल तर गरोदर राहण्याआधीच मोजायला लागतं, आणि हे काम आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत घरोघरी जाऊन लग्न झालेल्या बायकांची नोंद केली. दर महिन्याला पाळीची तारीख टिपायची, ठरावीक काळानं वजन करायचं, आणि कुणी गरोदर राहिली की तिचं आधीचं वजन वहीत तयार. किती चिकाटीचं काम! उन्हातान्हात, दारोदार, वर्षानुवर्षं. त्या मातांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन निघालं ४१.७ किलो. बाळांचं सुमारे २.७. पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या पोटात अधिक गेलं, त्यांची बाळं अधिक वजनाची झाली, हेही त्याच कामातून कळलं. विचारून लिहिलं असतं तर तो आकडा किती आला असता? मला वाटतं, पंचेचाळीस.

देशभराचं असं वजन कुठल्या वहीत नाही. डायन कॉफी या अभ्यासक बाईंना २०१५ साली भारतातल्या बायका गरोदर राहतात तेव्हा किती वजनाच्या असतात हे शोधायचं होतं, तर त्यांना २००५ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या गरोदर नसलेल्या बायकांच्या मोजलेल्या वजनांवरून हिशोब बांधावा लागला. त्यात आलं की गरोदर राहतानाच ४२ टक्के बायका कमी वजनाच्या असतात, आणि पूर्ण गरोदरपणात सरासरी सातच किलो वाढतात. ही कमी वजनाची बाईच स्वतःचं वजन वाढवून सांगते. ज्यांना दोन घास जास्त मिळायला हवेत त्याच तोंडी आकड्याच्या आड लपतात.

यावर उपाय म्हणून कुणी बाईला दरडावू नये. उलट तपासणीला येणाऱ्या पोरीला आणखी दोन प्रश्न मायेनं विचारावेत: कधी केलं होतं, कुठल्या काट्यावर? उत्तर आठवणीतलं असेल तर रकान्यात त्याच्यापुढं 'सांगितलेलं' एवढा शब्द लिहावा. आणि नाव बाराव्या आठवड्याच्या आत घालावं. पहिल्या तीन महिन्यांत वजन फारसं हलत नाही, म्हणून तेव्हाचं मोजलेलं वजनच आधीचं म्हणून धरता येतं. दसरा झाला की आमच्याकडच्या कितीतरी जोड्या ऊसतोडीला निघतात. त्यातली गरोदर बाई कोयता आणि भांडी बांधते तेव्हा कार्डही त्याच गाठोड्यात बांधलं जावं, हे आशाताईंनी तिच्या घरी जाऊन सांगावं अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. पाचव्या, सातव्या महिन्यात परमुलखातल्या दवाखान्यात ती उभी राहील, तेव्हा तिच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नसेल.

त्या सकाळी सिस्टरनं कार्डावर ४१ लिहिलं. काकूंना जवळ बोलावून म्हणाली, "मावशी, हिच्यात काही वाईट नाही. उलटी थांबली की दोनाचे चार घास करा. अंडं चालतं का घरात?" काकू म्हणाल्या, चालतं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, की पोर उतरलीय. म्हटलं, मळमळतंय म्हणून आसंल."

निघताना सून दारापर्यंत आली आणि परत वळली. कार्डावरच्या आकड्यावर बोट ठेवून तिनं सिस्टरला विचारलं, "यात बाळाचं किती आसंल?"

"बाळाचं?" सिस्टर हसली. "आत्ता तर ग्रॅमात हाय ते. बाकी सगळं तुझंच."