आमच्यात चालत नाही

नीरा-बारामती पट्ट्यात धर्माबद्दलची सगळ्यात महत्त्वाची वाक्यं देवाबद्दल नसतातच. ती 'आमच्यात' या शब्दाने सुरू होतात. आमच्यात लग्नानंतर जागरण असतं. आमच्यात रविवारी मटण चालत नाही. आमच्यात नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो. आमच्यात विधवा बाई हळद लावत नाही. या वाक्यांची गंमत अशी की त्यात कर्ता नसतो. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, का ठरवलं, काहीच नाही. 'असतं' आणि 'चालत नाही', विषय संपला.

'तुझा खंडोबावर विश्वास आहे का?' हा प्रश्न वडगाव निंबाळकरमध्ये मला आजपर्यंत कुणीही विचारलेला नाही. लोक विचारतात, 'तुमचं कुलदैवत कुठलं?', 'जागरण झालं का?', 'जेजुरीला जाऊन आलात का?' विश्वासाबद्दलचा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो पुण्यात, आधी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आणि नंतर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. तिथे त्याचं एक ठरलेलं उत्तरही आहे. तुम्हीही कधीतरी दिलं असेल: 'मी पर्सनली मानत नाही यार, पण घरच्यांसाठी करतो.'

हे आपल्या पिढीचं फार सोयीचं वाक्य आहे. त्यात गृहीत असं आहे की खरा मी आत कुठेतरी बसलेला आहे, तो सुशिक्षित आहे, विवेकी आहे. बाहेर हात जे करतायत, भंडारा उधळतायत, नारळ फोडतायत, ते त्या खऱ्या मीचं नाही. ते उसनं आहे. हे वाक्य किती खरं आहे आणि त्याच्या आड नेमकं काय लपतं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मानववंशशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर बराच घाम गाळला आहे. इव्हान्स-प्रिचर्डचं आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवरचं १९३७ सालचं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीला लगेच कळेल. कोठाराचे खांब वाळवीने खाल्ले, कोठार पडलं, खाली सावलीला बसलेली माणसं जखमी झाली. वाळवीने खांब पोखरतात हे अझांदेंना पूर्ण ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न पुढचा होता: याच माणसांवर का, आणि आत्ताच का? त्याचं उत्तर वाळवी देत नाही, म्हणून ते कुणाच्या तरी चेटकात शोधलं जायचं. आमच्या मळ्यातली मोटर जळली तेव्हा वायरमनने व्होल्टेजचं कारण सांगितलं, आजीने ते मान्यही केलं, आणि मग म्हणाली, 'पण बाकीच्यांची नाही जळली, आपलीच जळली.' दोन्ही वाक्यं एकाच बाईची, एकाच मिनिटातली. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे १९७२ मध्ये रॉडनी नीडहॅमने मुळालाच हात घातला. अमुक लोकांचा अमुक गोष्टीवर 'विश्वास आहे' असं आपण बिनधास्त लिहितो, पण विश्वास नावाची मनातली एक अवस्था जगभरच्या सगळ्या माणसांत सारखी असते हे आपल्याला कुणी सांगितलं, असा त्याचा रोख. कित्येक भाषांत त्यासाठी नीट शब्दच सापडत नाही. मराठीत शब्द आहेत, पण 'मानणे' या क्रियापदाकडे जरा बघा. आम्ही खंडोबा मानतो, म्हणजे खंडोबा अस्तित्वात आहे असं आमचं मत आहे, असं नव्हे. आम्ही त्याला मान देतो, त्याचं देणं पाळतो. मानणं हे हातापायांनीही करायचं काम आहे.

आमच्या भागात हे सगळ्यात बारकाईने ज्याने पाहिलं तो माणूस जर्मन होता. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) धनगरांबरोबर राहिले, फिरले, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या कथा त्यांनी गोळा केल्या. वीरचा म्हस्कोबा आमच्यापासून फार लांब नाही. खंडोबाच्या दोन बायकांकडे त्यांनी फार नीट पाहिलं. म्हाळसा लिंगायत वाण्याची, म्हणजे स्थिर बाजारपेठेच्या जगातली. बाणाई धनगराची, म्हणजे रानातली, फिरत्या मेंढरांच्या जगातली. एकाच देवाच्या घरात ही दोन जगं नांदतात, भांडतात. हे लक्षात आलं की 'खंडोबा खरंच आहे का' हा प्रश्न जरा बाजूला पडतो आणि 'कोण कुणाशी कसं बांधलेलं आहे' हा प्रश्न पुढे येतो. तुकोबांची पालखी काटेवाडीत आली की परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं. तिथे उभं राहिल्यावर मनातल्या श्रद्धेचं मोजमाप करायची इच्छाच होत नाही. कोण कुठे उभा आहे, कुणाला काय करायचा मान आहे, तेच दिसतं. मान आहे म्हणजे त्याला हद्दही आहे, तीही दिसते.

आणखी एक उदाहरण. देवी हा रोग. लसीकरणाला जुनी माणसं अजूनही 'देवी काढणे' म्हणतात. आजीच्या दंडावर तो गोल वण आहे. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, म्हणजे रोग जाऊन पन्नास वर्षं झाली. गावोगावच्या मरीआई मात्र आहेत आणि नैवेद्यही चालू आहे. आधी लोकांची श्रद्धा बदलली आणि मग त्यांनी लस घेतली, असं झालं नाही. लस घेतली, नैवेद्यही दाखवला. आजीला यात काही विसंगत वाटत नाही आणि मलाही आता वाटत नाही.

इथपर्यंतचा हिशोब आपल्या बाजूचा वाटेल. श्रद्धा म्हणजे मनातलं मत नसून वागणं असेल, तर न मानता जागरण घालणारा ढोंगी ठरत नाही. खंडेनवमीला आमच्या ऑफिसात लॅपटॉपवर कुंकू-फूल वाहतात, सर्व्हर रूमच्या दाराला झेंडूचं तोरण लागतं. तिथे कुणी खोटं बोलत नसतं. ज्याच्यावर पोट आहे त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढंच. शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड लाइव्ह करायचा नाही ही आमची प्रथा तर मी कुठल्याही उपवासापेक्षा कडक पाळतो.

पण हाच हिशोब उलटाही लागू होतो, आणि तिथे कॅन्टीनमधल्या वाक्याची पंचाईत होते.

आम्ही कोड लिहितो तेव्हा मधेमधे कॉमेंट टाकतो. 'हे तात्पुरतं आहे', 'मला हे पटलेलं नाही पण क्लायंटला हवंय', असलं काहीही. माणूस ती वाचतो. मशीन ती बघतसुद्धा नाही, खाली जे लिहिलंय ते चालवते. 'मी पर्सनली मानत नाही' ही तशी कॉमेंट आहे. हळदीकुंकवाला ज्या बाईला बोलावलं नाही, तिच्यापर्यंत ती कॉमेंट पोचत नाही. न बोलावणारी सून एमएस्सी आहे आणि मनातून हे सगळं तिला बावळटपणाचं वाटतं, याने त्या बाईच्या दुपारीत काय फरक पडला? प्रथा मनात नसून वागण्यात राहत असेल, तर वागणाऱ्याला मनात दडून बसता येणार नाही.

जेजुरीत भंडारा उधळला तर शर्ट पिवळा होतो. त्याच जेजुरीला मुली सोडल्या जायच्या, मुरळी म्हणून. देव एकच, श्रद्धाही बहुधा तितकीच प्रामाणिक, पण दुसरीकडे एका मुलीचं अख्खं आयुष्य जायचं. १९०८-०९ च्या सुमारास पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' या आपल्या पत्रातून याविरुद्ध मोहीम चालवली. एका मुरळीने त्यांना लिहिलेलं पत्र त्यांनी छापलं. माझ्या दृष्टीने सगळ्यात धीट गोष्ट म्हणजे मुरळ्यांशी लग्न करायला तयार व्हा, असं आवाहन त्यांनी तरुणांना केलं. खंडोबा आहे की नाही यावर त्यांनी वेळ घालवला नाही, मुलगी सोडायची नाही एवढंच धरलं. शंभरेक वर्षांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला तोही याच वाटेने. त्यात श्रद्धेला शिक्षा नाही. अनुसूचीत १२ कृत्यं आहेत. वारी, यात्रा, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही हे तर त्यातच लिहिलंय.

म्हणून माझी कसोटी 'खरंच मानतोस का' ही राहिलेली नाही. किंमत कोण मोजतंय, आणि त्या माणसाला नाही म्हणता येतं का, एवढं मी बघतो.

आता 'घरच्यांसाठी' या शब्दाकडे येऊ. माझी आत्या २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, विधवा झाली. परवाच्या उन्हाळ्यात चुलतभावाचं लग्न निघालं. आमच्यात नवरदेवाला हळद लावायचा मान आत्याचा, आणि आमच्यात विधवा बाई हळद लावत नाही. दोन्ही 'आमच्यात' एकमेकांवर आदळले. घरात कुणीच म्हणत नव्हतं की आत्याच्या हाताने अपशकुन होईल. एकेकाला वेगळं विचारलं तर सगळे म्हणायचे, मला काही वाटत नाही, पण लोक काय म्हणतील. आणि आपण घरच्यांसाठी करतो म्हणतो तेव्हा त्या घरच्यांत आत्या धरलेली असते का?

पण गोष्ट एवढी सरळ नव्हती, कारण सगळ्यात ठाम नकार आत्याचाच होता. याला चटकन 'बघा, बायकांनाच सोडवत नाही' असं म्हणणारे भेटतात. मला ते आळशीपणाचं वाटतं. आत्याने कारण सांगितलं होतं, 'उद्या त्या पोरीला काही झालं तर सगळं माझ्यावर येईल.' हे अझांदेंचं कोठार आहे. नव्या नवरीला कधी ना कधी ताप येणारच, कुणाची गाडी कधीतरी घसरणारच. तेव्हा 'याच घरावर का' असा प्रश्न पडेल आणि उत्तर म्हणून एक नाव तयार असेल. आत्याची ती श्रद्धा नव्हती, तिने जोखीम मोजली होती. तिने बरोबर मोजली होती.

म्हणजे कुणी एकटा माणूस मानत नसतानाही प्रथा छान जगू शकते. प्रत्येकाला दुसऱ्याचं भय पुरतं. अशा ठिकाणी मनातल्या मनात बदलणं निरुपयोगी आहे, कारण मनातलं कुणालाच दिसत नाही. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद, असा ठराव ग्रामसभेने केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं सुचवलं. ठरावाने लोकांची मनं बदलतात का, असं विचारणारे तेव्हाही होते. नसतील बदलत. पण 'आमच्यात चालत नाही' या कर्ता नसलेल्या वाक्यासमोर तारीख असलेलं, सह्या असलेलं एक वाक्य उभं राहिलं. बाईला म्हणता येतं, मी नाही ठरवलं, गावाने ठरवलं. दोष ठेवायला तिच्या कपाळाखेरीज दुसरी एक जागा मिळाली.

इरावती कर्व्यांनी वारीवर 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे जेवतात हे त्यांना टोचलं, आणि त्या मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. कुणाचंही जातीबद्दलचं मत त्या जेवणाने बदललं असेल असं मला वाटत नाही. पण एक कृती सगळ्यांसमोर झाली आणि पुढचं चालणं वेगळं झालं. एका जेवणाने जात जात नाही, हे त्यांनाही माहीत होतंच.

आमच्या घरात असा ठराव वगैरे नव्हता. हळदीच्या आदल्या रात्री बायका पापडाच्या डब्यांभोवती बसल्या होत्या तेव्हा नवरदेवाची आई, म्हणजे माझी धाकटी चुलती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'पहिली हळद वन्संच लावणार. काय व्हायचं ते माझ्यावर.' ही चुलती दर अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधते आणि गुरुवार चुकवत नाही. आम्ही तिघं-चौघं इंजिनिअर तिथेच होतो, वायफायचा पासवर्ड शोधत.

आत्याने हळद लावली, पण फक्त पायांना आणि हातांना. कपाळाला लावली नाही, कुणी आग्रहही केला नाही. दोन बायका तेवढ्यापुरत्या पाणी प्यायला उठून गेल्या.

डिसेंबरमध्ये नव्या वहिनीला डेंग्यू झाला, चार दिवस बारामतीत ॲडमिट होती. आत्या एकदाही दवाखान्यात आली नाही. डबा मात्र रोज तिच्याकडूनच यायचा, आणि संध्याकाळचा रिपोर्ट आला की चुलती पहिला फोन तिला लावायची, प्लेटलेट किती ते सांगायला.