ध्वजाचा दोर



देवळाच्या आवारात पाऊल टाकताच आपली दृष्टी प्रथम ध्वजाकडे जाते आणि हात आपोआप जोडले जातात. परंतु तो ध्वज ज्याच्या आधाराने वर चढला व ज्याच्या आधाराने वर राहिला, त्या दोराकडे क्वचितच कोणी पाहतो. संस्कृत भाषेत दोरास 'गुण' असेही म्हणतात. स्वतः न मिरवता जो दुसऱ्यास वर नेतो त्यास हे नाव शोभते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

हा दोर झिजतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. वाऱ्याबरोबर ध्वज हेलकावतो, तसतसा दोर वरच्या कप्पीत एकाच जागी घासला जातो. सुती किंवा तागाचा दोर पावसात भिजला की फुगतो व आखूड होतो. तो अगोदरच ताणून बांधलेला असेल तर स्वतःच्याच ओढीने दुबळा होतो. नायलॉनचा दोर कुजत नाही, पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने तोही ठिसूळ होतो. आपल्या हाताशी असलेला खालचा भाग धडधाकट दिसतो, आणि झीज होत असते ती वर, दृष्टीआड. म्हणून जाणता सेवक दोर खाली ओढून त्याचा पीळ उकलून पाहतो. आत तंतूंची भुकटी दिसली, तर बाहेरच्या रूपावर विसंबत नाही.

या सावधपणास आपल्या धर्मात मोठे स्थान आहे. त्याची साक्ष आपणा ग्वाल्हेरकरांच्या जवळच, पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील विदिशेपाशी उभी आहे. तेथे बेसनगरास इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात तक्षशिलेच्या हेलिओदोर नावाच्या यवन राजदूताने वासुदेवाप्रीत्यर्थ पाषाणाचा गरुडध्वज उभारला. माथ्यावरचा गरुड आज तेथे नाही, स्तंभ मात्र आहे. आसपासचे लोक त्यास 'खांबबाबा' म्हणून पूजीत व शेंदूर माखीत. १८७७ मध्ये कनिंगहॅम यांनी तो पाहिला, तेव्हा शेंदराच्या जाड थराखाली लेख झाकलेला होता. पुढे १९०९ च्या सुमारास तो उजेडात आला. अमृतपदाकडे नेणाऱ्या तीन गोष्टी त्यात सांगितल्या आहेत : दम, त्याग आणि अप्रमाद. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे. पूजा अखंड चालू होती, पण ज्याची पूजा होत होती त्यावर काय लिहिले आहे हे कोणास ठाऊक नव्हते. आपण ध्वजास नमस्कार करतो आणि दोर पाहत नाही, तेव्हा आपली स्थिती याहून निराळी असते काय?

आता दोर बदलण्याची रीत ऐका. ध्वज उतरवून घेतल्यावर जुना दोर ओढून काढावयाचा नसतो. त्याच्या एका टोकास नव्या दोराचे टोक समोरासमोर भिडवून भक्कम दोऱ्याने शिवतात, वरून पट्टी गुंडाळतात, आणि मग जुन्याचे दुसरे टोक हळूहळू ओढतात. जुना दोर खाली येतो आणि येता येता नव्यास कप्पीतून पार नेतो. कोणास स्तंभावर चढावे लागत नाही. येथे गाठ मात्र मारू नये. गाठ कप्पीत अडकते व काम मध्येच थांबते. आणि हे सर्व जुना दोर तुटण्यापूर्वीच करावयाचे असते. तुटलेला दोर नव्यास वर नेऊ शकत नाही. मग शिडी, परांची आणि जीव धोक्यात घालून चढणारा माणूस, यांवाचून गत्यंतर नसते.

सज्जनहो, देवळातील सेवेचेही असेच आहे. शिंदेशाहीच्या काळापासून या माळव्यात आणि ग्वाल्हेरीत आपल्या घराण्यांनी कीर्तन, काकडआरती व उत्सव मराठीतून चालविले. ही परंपरा कोणाच्या हातांनी चालली आहे, याचा प्रत्येक कुटुंबाने विचार करावा. उत्सवाचा क्रम एकाच वृद्ध गृहस्थास पाठ असेल, आरत्यांच्या चाली एखाद्याच आजीबाईंच्या कंठात असतील, तर दोर वरच्या बाजूस झिजला आहे असे समजावे. "देवाचे काम आहे, देव पाहून घेईल" असे म्हणणे श्रद्धेचे लक्षण नव्हे. तो प्रमाद होय.

वडीलधाऱ्यांस प्रार्थना अशी, की अंगात बळ आहे तोवरच मुलासुनांच्या व नातवंडांच्या हाती सेवा द्यावी. बाजूस होणे म्हणजे निरुपयोगी होणे नव्हे. जुन्या दोराचे सर्वांत मोठे काम खाली येतानाच घडते. तरुणांनीही ध्यानात ठेवावे, की आपण वर पोचलो ते कोणाच्या तरी आधाराने. उभयतांमध्ये अहंकाराची गाठ पडू देऊ नये. ती पडली, तर जुने खाली येत नाही आणि नवे वर जात नाही.

आता ध्वजाचा दोर बदलण्याचा प्रसंग येईल, तेव्हा प्रत्येक घरातून एक वडील आणि एक मूल, असे दोघांनी यावे. शिवणीचे टाके मुलाने घालावे, वडिलांनी ते तपासावे, आणि दोघांनी मिळून दोर ओढावा. ज्या मुलाच्या हातास त्या दोराचा स्पर्श झाला, ते मोठेपणी ध्वजाकडे पाहील तेव्हा त्याची दृष्टी दोराकडेही जाईल.

इति शम्‌.