पडदा निघाल्यावर

दुबईत माझा धाकटा भाऊ नोकरीला आहे. रमजानच्या महिन्यात त्याच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. तेथे एक प्रश्न मनात शिरला, तो परत आल्यावरही निघेना. म्हणून वाचक बंधुभगिनींपुढे मांडतो.

या शहरात मूळचे नागरिक साधारण दहांत एक; बाकी सारे बाहेरून आलेले. शेजाऱ्याच्या रीती शिकल्यावाचून तेथे दिवस जात नाही. परक्या स्त्रीपुढे पुरुषाने आपण होऊन हात करू नये. कहव्याचा छोटा पेला उजव्या हाताने घ्यावा आणि पुरे झाले की हलवून दाखवावा. नाहीतर यजमान ओततच राहतो. (मी चार पेले प्यालो तेव्हा हे कळले.) औद मेथा भागातले होली ट्रिनिटी चर्च शेख रशीद यांनी दिलेल्या जमिनीवर उभे आहे. 2021 च्या अखेरपर्यंत तेथील आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवार असे, म्हणून मुख्य उपासनाही वर्षानुवर्षे शुक्रवारी होई. रविवार चुकला म्हणून प्रभू त्या उपासनेस आला नाही, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

पूर्वी रमजानात दिवसा उघड्या असणाऱ्या उपाहारगृहांना जेवणाऱ्यांपुढे पडदा लावावा लागे. 2021 पासून दुबईत ही सक्ती उठली. पडदा होता तेव्हा आत बसलेला ख्रिस्ती मनुष्य शेजाऱ्याच्या उपासाचा मान राखीत होता की नियमाला भीत होता, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. आता ते ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

आपण लगेच पौलाकडे वळतो. मूर्तीला दाखविलेल्या मांसाविषयी त्याने करिंथकरांस जे लिहिले ते शाब्बाथशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण ते येथे नीट बसत नाही. पौलापुढे दुर्बळ विवेकाचा बंधू होता. उपास करणारा हा मुसलमान शेजारी दुर्बळ मुळीच नाही. चाळीस अंशांच्या उन्हातही तो पाण्याचा थेंब घेत नाही. "तुम्ही खुशाल प्या," असे तोच आपल्याला सांगतो. त्याच्या समोर न पिणे हे त्याला सांभाळणे नव्हे, ही नुसती अदब आहे. आणि अदब म्हणून ती मला पुरेशी वाटते.

खरी अडचण पुढे आहे. भावाची परवानगी घेऊनच लिहितो. त्याने कचेरीत दिवसाचा चहा सोडला होता, हे चांगलेच केले. पण पेशावरकडचा एक सहकारी "रोजा आहे ना?" असे विचारी, तेव्हा हा हसून मान हलवी. मग सूर्यास्ताला तो गृहस्थ आपल्या डब्यातले खजूर याच्यापुढे करी, उपासातला सोबती म्हणून.

मी बोललो तेव्हा तो म्हणाला, "दादा, यात कोणाचे काय बिघडले? पौलदेखील यहूद्यांसाठी यहूदी झाला होताच की."

झाला होता खरा. त्याने तीमथ्याची सुंता केली, पण तीताची होऊ दिली नाही. आणि अंत्युखियात पेत्र विदेश्यांच्या पंक्तीतून उठला तेव्हा त्याच पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले. बाहेरून पाहिले तर पेत्राने काय केले? जेवला नाही, एवढेच. पण त्याला उठविले ते भीतीने. माझ्या भावालाही कोणी धमकावले नव्हते. मी ख्रिस्ती आहे, माझा रोजा नाही, एवढे म्हटले असते तर त्या गृहस्थाने खजूर मागे घेतले असते असे मला वाटत नाही. मात्र आता सांगायचे तर आधीच्या सगळ्या खजुरांचाही हिशेब द्यावा लागतो, आणि तेथेच त्याची जीभ अडते.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. अजून सांगितलेले नाही. पुढच्या रमजानाआधी सांगतो म्हणाला.