पडदा गोठतो तेव्हा

माउसचा बाण हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ मघाच्याच मिनिटावर अडकलंय, कळफलक कितीही बडवला तरी पडद्यावर काही उमटत नाही. अशा वेळी हात आपसूक पॉवरच्या बटणाकडे जातो. लिनक्स वापरणाऱ्याने तो हात आवरावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण गोठलेला असतो तो बहुधा पडदाच. युनिक्सच्या घराण्यात खिडक्या नि चित्रं दाखवण्याचं काम गाभ्यापासून, म्हणजे कर्नेलपासून, बरंचसं वेगळं ठेवलेलं आहे. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली एक्स विंडो प्रणाली असो की आजचे वेलँडवरचे डेस्कटॉप, त्यांचा कारभार इतर प्रोग्रामांसारखेच प्रोग्राम चालवतात. पुढचं दार अडकलं म्हणून घर ओस पडत नाही. परसदारी जाऊन हाक मारावी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं, की बऱ्याचदा काळा पडदा येतो आणि नाव, पासवर्ड विचारतो. तोही आला नाही, तर एसएसएचची सोय आधी करून ठेवलेली असल्यास दुसऱ्या संगणकावरून आत शिरता येतं.

आत गेल्यावर ‘टॉप’ चालवलं की मेमरी कोण खातंय ते दिसतं. इथेही घाई नको. नुसतं ‘किल’ म्हणजे १५ क्रमांकाचा सिग्नल. आवरून घे आणि नीघ, एवढंच तो सांगतो. नीट लिहिलेला प्रोग्राम मग हातातलं काम जपून ठेवतो, तात्पुरत्या फायली पुसतो आणि बंद होतो. ‘किल -९’ मात्र प्रोग्रामला कळतसुद्धा नाही. कर्नेल त्याला परस्पर संपवतो आणि अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहते. डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेला, ‘डी’ अवस्थेतला प्रोग्राम तर ९ लाही दाद देत नाही. आधी १५, मग थोडा वेळ, आणि अगदीच नाइलाज झाला तर ९, या क्रमात मला खरं सौजन्य दिसतं.

हेही सगळं खुंटलं, तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कळफलकांवर प्रिंटस्क्रीनचंच बटण) धरून दमादमाने एस, यू, बी दाबावं. लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरतं, डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, मग संगणक नव्याने सुरू होतो.

सुरू झाल्यावर लगेच कामाला जुंपून घेऊ नये. ‘जर्नलसीटीएल -बी -१’ चालवून मागच्या खेपेच्या नोंदी वाचाव्यात. मेमरी संपली होती की ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला होता, याचा माग बऱ्याचदा तिथल्या शेवटच्या ओळींत लागतो.